डीव्हीडी ड्राइव्ह काढला, मग परत बसवला: एका दवाखान्यातल्या लॅपटॉपचे प्रकरण

पार्श्वभूमी

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी हाडांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. त्यांच्या टेबलावरच्या लॅपटॉपचे हे प्रकरण आहे. गाव, डॉक्टर आणि लॅपटॉपचे मॉडेल ओळखू येईल असे काही इथे लिहिलेले नाही. माझे दुरुस्तीचे दुकान अंबाजोगाईत आहे. काम माझ्याच हातचे, आणि त्यातली चूकही माझीच.

दवाखान्यात येणारा माणूस कोण, हे आधी सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. बीडमधून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जोडपी बाहेर पडतात. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नगरकडच्या फडांवर जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे, हे काम मणका आणि गुडघे खाऊन टाकते. गादी सरकलेली असते, मान धरलेली असते. फडावर कुणी पडले तर पहिला एमआरआय किंवा सीटी स्कॅन तिकडेच होतो. गावी येताना सोबत असते ती त्या तपासणीची सीडी. लातूरला किंवा छत्रपती संभाजीनगरला तपासणी केलेलेही सीडीच घेऊन येतात.

म्हणजे या दवाखान्यात सीडी जुनी झालेली नाही. दोनशे किलोमीटरवरच्या सेंटरला फोन करून 'ईमेल करा' म्हणणे पेशंटला जमत नाही, आणि पुष्कळदा तिथली पावतीही त्याच्याकडे नसते. असते ती फक्त चकती.

लॅपटॉप २०१४ मध्ये घेतलेला. ४ जीबी रॅम, ५०० जीबीची ५४०० आरपीएम (मिनिटाला ५४०० फेरे घेणारी) हार्ड डिस्क, आत डीव्हीडी रायटर, विंडोज १०. त्यावर पेशंटची नोंद आणि बिलाचे सॉफ्टवेअर चालायचे.

अडचण

ऑगस्ट २०२२ मध्ये डॉक्टरांचा फोन आला. "चालू करून ठेवतो आणि चहा घेतो, तरी हे तयार होत नाही." जाऊन घड्याळ लावले. बटण दाबल्यापासून बिलाचे सॉफ्टवेअर उघडेपर्यंत सव्वासहा मिनिटे. सीडी घातल्यावर तर सगळेच थिजायचे.

कारण उघड होते. ५४०० आरपीएमची तबकडी एक फेरा घ्यायला ११ मिलिसेकंद लावते, म्हणजे हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी साडेपाच मिलिसेकंद नुसते थांबणे. त्यात हेड सरकण्याचा वेळ वेगळा. विंडोज १० सुरू होताना हजारो लहान फाइली इकडून तिकडून वाचते. प्रत्येकीसाठी ही वाट पाहणे आले. एसएसडी म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी डिस्क. तिच्यात फिरणारे काही नसते, त्यामुळे हा वेळ जवळजवळ उरतच नाही. ४ जीबी रॅम भरली की विंडोज तीच हार्ड डिस्क रॅमसारखी वापरायला लागते, ते आणखी वरून.

एसएसडी बसवायची आणि रॅम ८ जीबी करायची, एवढे मी गेल्या गेल्या ठरवून टाकले. ते बरोबरच होते. प्रश्न एसएसडी कुठे आणि कशाच्या जागी बसवायची, हा होता. तिथे मी घाई केली.

समोरचे पर्याय

नवीन लॅपटॉप घ्यावा, हा पहिला पर्याय. खर्च ४५ हजारांच्या आसपास. पण आताच्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह सहसा येत नाही, म्हणजे बाहेरून यूएसबीचा घ्यावाच लागणार. शिवाय बिलाचे सॉफ्टवेअर जुने आणि ते बनवून देणारा मुलगा पुण्याला निघून गेलेला. डॉक्टर म्हणाले, "आहे ते चालवू."

दुसरा पर्याय आमच्या धंद्यात सगळ्यांच्या तोंडी असलेला. मूळ जागेवर एसएसडी बसवायची, हार्ड डिस्क कॅडीत घालून डीव्हीडीच्या जागी सरकवायची आणि काढलेला डीव्हीडी ड्राइव्ह यूएसबीच्या डबीत घालून बाहेर द्यायचा. कॅडी म्हणजे डीव्हीडी ड्राइव्हच्याच मापाची पत्र्याची चौकट. तिची जाडी १२.७ किंवा ९.५ मिलिमीटर असते आणि चुकीची आणली तर ती बसत नाही. डीव्हीडीचा साटा कनेक्टर (ड्राइव्ह लॅपटॉपला जोडणारी जोडणी) हार्ड डिस्कच्या कनेक्टरपेक्षा आखूड असतो. डेटाच्या पिना दोन्हीकडे ७, पण विजेच्या पिना डीव्हीडीला ६ आणि हार्ड डिस्कला १५. कॅडी हा फरक जुळवून घेते. आखूड कनेक्टरमध्ये फक्त ५ व्होल्ट येतात, पण लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कला तेवढेच लागतात, म्हणून हे जमते.

तिसरा पर्याय म्हणजे डीव्हीडी ड्राइव्हला हात न लावता हार्ड डिस्क काढून तिथे मोठी एसएसडी बसवायची आणि बॅकअपला वेगळी डिस्क द्यायची. २४० ऐवजी ४८० जीबीची घ्यावी लागणार, म्हणजे हजार-दीड हजार जास्त.

काही लॅपटॉपमध्ये मदरबोर्डवर एमसाटा किंवा एम.२, म्हणजे लहान पट्टीसारख्या एसएसडीची जागा असते. तिथे एसएसडी बसली तर डीव्हीडी आणि हार्ड डिस्क दोन्ही जागेवर राहतात. झाकण काढून पाहिले. या मॉडेलमध्ये ती जागा नव्हती.

फिरणारी चकती आणि एसएसडी एकाच मशीनमध्ये कशा नांदवायच्या, हा प्रश्न कंपन्यांनाही पडला होता. २०१० मध्ये तैपेईच्या कॉम्प्युटेक्स प्रदर्शनात हिताची-एलजी डेटा स्टोरेजने 'हायड्राइव्ह' दाखवला होता. डीव्हीडी ड्राइव्हच्याच पोटात मायक्रॉनची ३२ किंवा ६४ जीबी फ्लॅश मेमरी, म्हणजे एसएसडीत असते तीच. त्याच वर्षी सीगेटने 'मोमेंटस एक्सटी' काढली, हार्ड डिस्कला ४ जीबी फ्लॅश जोडलेली. दुसरी माझ्या टेबलावर दोन-चारदा आली. पहिला कधीच आला नाही, आणि या दवाखान्याला नेमका तोच हवा होता याचे मला फार वाटते.

पहिला निर्णय आणि तो का चुकला

मी दुसरा पर्याय निवडला. कारणे तेव्हा पटण्यासारखी होती. खर्च कमी. डॉक्टरांचा सगळा डेटा जुन्या डिस्कवर होता तसाच राहणार. सीडी काय, बाहेरच्या ड्राइव्हमध्येही चालेल. हे शेवटचे वाक्य मी विचार न करता बोललो. दिवसात सीडी किती येतात, हे विचारलेही नाही.

काम तासाभराचे होते. तळाचा एक स्क्रू काढला की डीव्हीडी ड्राइव्ह बाहेर सरकतो. ट्रेच्या छोट्या भोकात पिन घालून ट्रे उघडायचा, पुढची प्लास्टिकची पट्टी अलगद काढून कॅडीला लावायची, मागचा स्क्रूचा पत्राही कॅडीवर घ्यायचा. लॅपटॉप बाहेरून आधीसारखाच दिसतो. एसएसडी मी मूळ जागेवरच ठेवली, कारण या मॉडेलमध्ये डीव्हीडीचा साटा पोर्ट हळू होता.

सव्वासहा मिनिटांचे अठ्ठेचाळीस सेकंद झाले. डॉक्टरांनी पेढे मागवले. मी दुचाकीवर परत येताना खुशीत होतो.

अडीच आठवड्यांनी दवाखान्यातल्या कंपाउंडरमामांचा फोन आला. "ओ, सीडी दिसंना गेलीय. चकती फिरती, खर्र खर्र करती, अन् बंद पडती."

कारण डबीच्या केबलीत होते. काढलेल्या ड्राइव्हच्या लेबलवर ५ व्होल्ट, दीड अँपिअर लिहिलेले होते. यूएसबी २.० चा पोर्ट नियमाने अर्धा अँपिअर देतो, ३.० चा ०.९. स्वच्छ सीडी असेल तर ड्राइव्ह कमी विजेतही निभावून नेतो. ओरखडे असले की तो पुन्हा पुन्हा तिथेच वाचायला बघतो, वेग कमी-जास्त करतो, आणि नेमकी त्या झटक्याला वीज कमी पडते. ड्राइव्ह मरतो आणि पुन्हा जन्मतो. विंडोजला वाटते की कुणी केबल उपसून परत लावली.

या दवाखान्यात स्वच्छ सीडी येत नाही. येते ती पिशवीत, ज्वारीच्या भाकरीच्या फडक्याशेजारी, आधार कार्डच्या झेरॉक्समध्ये गुंडाळलेली.

मी दोन तोंडांची केबल पाठवली, दोन पोर्टमधून वीज घेणारी. लॅपटॉपला पोर्ट तीनच. एक प्रिंटरला, एक माउसला. मग मामांनी बाजारातून हब आणला. त्याला स्वतःची वीज नव्हती, म्हणजे एकाच पोर्टच्या विजेत आणखी वाटेकरी आले.

ज्या दिवशी कळले

सप्टेंबरमध्ये एक जोडपे आले. बाई गेल्या हंगामात फडावर मोळीसकट पडली होती, सीटी स्कॅन सांगलीकडे झालेला. फिल्मचा लिफाफा पावसात भिजून फिल्मा एकमेकींना चिकटल्या होत्या, सोडवताना वरचा थर निघून आला. उरली सीडी. ती बाहेरच्या ड्राइव्हने वाचली नाही. नव्या हंगामाची उचल त्यांनी घेतलेली होती आणि मुकादमाची गाडी पंधरा दिवसांवर आली होती. बाईने पुन्हा मोळी उचलावी की नाही, हे डॉक्टरांना त्या चित्रांवरून ठरवायचे होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी बोलावले. म्हणजे त्या दोघांना जीपचे भाडे पुन्हा आणि एक रोज बुडाला.

डॉक्टरांनी हे मला संध्याकाळी फोनवर सांगितले. आवाज चढवला नाही. "तुमची दोन दिवसांत सवड असेल तर या," एवढेच म्हणाले.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला गेलो, तेच जोडपे यायच्या आधी. पिशवीत माझ्या दुकानातला एक चालू लॅपटॉप होता, ज्यात डीव्हीडी ड्राइव्ह आतच आहे. बाईंची सीडी हातात घेतली. उजेडाकडे धरल्यावर चंद्रकोरीसारखा एक ओरखडा दिसला, कडेने फिरलेला. ओल्या सुती फडक्याने ती मधून कडेकडे अशी सरळ रेषेत पुसली. गोल गोल पुसू नये. डेटा गोल गोलच लिहिलेला असतो, आणि गोल पुसताना नवा ओरखडा पडला तर तो डेटाच्या वाटेनेच जातो. आडवा ओरखडा ड्राइव्ह ओलांडून जाऊ शकतो. सीडी माझ्या लॅपटॉपमध्ये घातली. सात-आठ मिनिटे लागली, पण सगळी चित्रे आली.

मग मी दिवसभर तिथेच बसलो. हे मला ऑगस्टमध्ये करायला हवे होते. त्या दिवशी ४१ पेशंट आले आणि ९ जणांकडे सीडी होती.

पुन्हा ठरवताना

बसल्या बसल्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. डीव्हीडी ड्राइव्ह आत असला तरी सीडी उघडायला वेळ लागणारच, कारण एसएसडीमुळे चकतीचा वेग वाढत नाही. २४ एक्स वेगाने सीडी वाचली तरी सेकंदाला साडेतीन एमबीच्या आसपास मिळतात, तेही कडेला. आतल्या भागात त्याच्या निम्म्याहून कमी. सीटी स्कॅनचे एक चित्र ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचे असते, प्रत्येक ठिपक्याला २ बाइट, म्हणजे चित्रामागे अर्धा एमबी. ४०० कापांचा, म्हणजे शरीराच्या छेदांच्या ४०० चित्रांचा स्कॅन म्हणजे २०० एमबी. सीडीवरचा व्ह्यूअर (चित्रे दाखवणारा प्रोग्राम) ती चित्रे सरळ चकतीवरून उघडतो आणि डॉक्टर खाली-वर सरकवतात तसा ड्राइव्हचा डोळा पुढे-मागे धावतो. थिजते ते इथे.

पण तीच सीडी आधी एका दमात एसएसडीवर उतरवून घेतली आणि व्ह्यूअर तिथून उघडला, तर चित्रे लोण्यासारखी सरकतात. उतरवायला चांगल्या सीडीला दोन-तीन मिनिटे. पेशंट बाहेर बाकावर बसलेला असताना ती मिनिटे निघून जातात. ड्राइव्ह आत हवा आणि एसएसडीही आत हवी, दोघांची कामे वेगळी आहेत, हे मला इथे नीट दिसले.

तिसऱ्या पर्यायावर परत यायचे ठरले. एक गाठ मात्र होती. कॅडीतली जुनी हार्ड डिस्क बाहेरच्या डबीत घालून बॅकअपला वापरू, असे डॉक्टर म्हणाले. मी तिची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, तपासली. खराब म्हणून बदललेली सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) ६४, आणि वाचता न आलेली, निकाल लागायची बाकी असलेली ११. ऑगस्टमध्ये पहिला आकडा ८ होता. तेव्हा मी तो पाहिला होता आणि सोडून दिला होता. आठ वर्षांच्या पेशंटच्या नोंदींची एकमेव प्रत अशा डिस्कवर, कॅडीच्या पत्र्यात, पाच आठवडे फिरत होती. या प्रकरणात मला सर्वात जास्त लागलेली गोष्ट ही आहे. सीडी वाचली नाही तर माणूस ओरडतो. ही डिस्क गेली असती तर ती जाईपर्यंत कुणाला कळलेही नसते.

प्रत्यक्ष काम

सगळ्यात आधी नोंदी जुन्या डिस्कवरून उतरवून घेतल्या. खोलून फिरवाफिरव नंतर. तीन फाइली वाचता आल्या नाहीत, तिन्ही जुन्या बिलांच्या छापील प्रती होत्या, नोंदी शाबूत निघाल्या. मग २४० ची एसएसडी ४८० वर क्लोन केली, म्हणजे जशीच्या तशी उतरवली. कॅडी काढून डीव्हीडी ड्राइव्ह त्याच्या जागी परत बसवला, तोच स्क्रू, तीच पट्टी. लेन्सवर बारीक काळी धूळ होती, ती फुंकणीने उडवली. बॅकअपला नवीन बाहेरची डिस्क घेतली आणि ती रात्री कपाटात कुलपात ठेवायची ठरले, कारण तिच्यावर लोकांच्या आजाराची माहिती आहे. २४० ची एसएसडी मी परत घेतली. दुसऱ्या फेरीची मजुरी लावली नाही.

सीडी उतरवून घ्यायला मी एक लहान बॅच फाइल, म्हणजे विंडोजला द्यायच्या आज्ञांची यादी, लिहिली. डेस्कटॉपवर तिचे नाव 'सीडी घ्या'. आत विंडोजचीच रोबोकॉपी, फाइली उतरवून घेणारी आज्ञा. इथे पुन्हा एक ठेच लागली. रोबोकॉपीला काही सांगितले नाही तर न वाचता आलेल्या फाइलीसाठी ती १० लाख वेळा प्रयत्न करते आणि दर वेळी ३० सेकंद थांबते. पहिल्याच ओरखड्याच्या सीडीवर ती अडकून बसली. मग प्रयत्न दोन आणि थांबणे एक सेकंद असे बांधून दिले.

पण असे केल्यावर न वाचलेली चित्रे गुपचूप वगळली जातात. बिलाची फाइल राहिली तर राहिली. मणक्याचा एक काप राहिला आणि नेमकी चीर त्याच कापात असली, तर काय? डॉक्टर आणि मी यावर बराच वेळ बोललो. काही फाइली राहिल्या की रोबोकॉपी शेवटी ८ किंवा त्याहून मोठा आकडा परत देते. तो आला की पडदा लाल होतो आणि मोठ्या अक्षरांत 'सीडी अपुरी आली' असे दिसते. मामांना सांगून ठेवले की लाल दिसले की डॉक्टरांना तोंडानेही सांगायचे.

फोल्डरला पेशंटचे नाव द्यायचे नाही, तारीख आणि टोकन नंबर द्यायचा. उघडल्यावर चित्राच्या कोपऱ्यातले नाव पेशंटला विचारून ताडून पाहायचे. एका घरातले दोघे एकाच दिवशी येतात आणि सीड्यांची अदलाबदल होते, हे मामांचे म्हणणे. ते मला सुचले नसते. महिना झाला की फोल्डर डॉक्टर स्वतः पाहून काढून टाकतात.

निष्पत्ती

दसऱ्याच्या आधी हे सगळे बसले. पहिल्या दोन आठवड्यांत मामांनी वहीत खूण करून ठेवली होती: ८३ सीड्या, त्यातल्या ७६ पूर्ण उतरल्या, ५ अपुऱ्या, २ अजिबात नाही. त्या दोनांतली एक मधोमध तडकलेली होती. तशी सीडी ड्राइव्हमध्ये घालूच नये, वेगात फिरताना तिचे तुकडे होऊ शकतात.

सांगलीच्या सीटी स्कॅनच्या त्या बाईला डॉक्टरांनी मोळी उचलायला मना केली. त्या हंगामाला नवरा भावासोबत गेला, उचलीचे पुढे काय झाले ते मला माहीत नाही.

वेगळे काय करता आले असते

ऑगस्टमध्येच एक पूर्ण ओपीडी बसून पाहिली असती तर दुसरी फेरी पडली नसती. कॅडी वाईट नाही. मी ती आजही बसवतो, अकाउंटच्या मुलांना, गावोगाव व्हिडिओ शूटिंग करणाऱ्यांना, ज्यांना दोन डिस्कांची जागा हवी आणि चकती वर्षातून एकदा लागते. आता विचारतो मात्र, "शेवटची सीडी कधी घातली?" उत्तर 'आज सकाळी' आले की कॅडी कपाटातच राहते.

यूएसबी ड्राइव्ह द्यायचाच असता तर स्वतःच्या अॅडॉप्टरवर चालणारा द्यायला हवा होता, आणि त्यांच्याच ओरखड्यांच्या पाच सीड्या लावून मगच हातात ठेवायला हवा होता. मी माझ्याकडची कोरी करकरीत सीडी लावून 'चालतंय' म्हणालो होतो.

तिसरी गोष्ट तारखेची. विंडोज १० चा आधार (कंपनीचा सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार, हे २०२२ मध्ये जाहीरच होते, आणि २०१४ चा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. खर्चाचे बोलताना मी हे सांगायला हवे होते. डॉक्टरांनी कदाचित तरी हेच केले असते, पण त्यांना माहीत असून केले असते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी नोंदी आणि बिलासाठी नवीन लॅपटॉप घेतला. जुन्याचे वायफाय मी बंद करून दिले. तो आता बाहेर मामांच्या टेबलावर असतो, इंटरनेटशिवाय, एका ओल्या सुती फडक्याच्या घडीशेजारी. मामा सीडी उजेडाला धरून बघतात, मधून कडेला पुसतात, ट्रेमध्ये ठेवतात. उतरलेला फोल्डर पेन ड्राइव्हमधून आत जातो.